रंगीची तीन पिल्लं आणि माझा लसूण

माझ्या हातानं लावलेला पहिला लसूण इतका चांगला आला होता, की आळीतल्या बायका घरामागच्या परड्यात येऊन बघून गेल्या. त्याच लसणाची आठवण झाली की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. घरात सगळ्यांना वाटतं मी कधी रागावत नाही. सून शेजारणींना सांगते, आमच्या आत्ती लई शांत हाईत. मी शांत नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, एवढंच. बोलता येत नाही म्हणून लिहिते. वही नातीची आहे, गणिताची, मागची पानं कोरी राहिलेली. हाच भाग मी मागं एकदा लिहिला होता. त्यात सगळा दोष आप्पांचा होता. ती पानं मी परवा फाडली. आप्पांवरचा राग गेला म्हणून नव्हे. राग आहे तसाच आहे, पण आता तो एकट्या आप्पांवर नाही, आणि म्हणूनच जास्त आहे.

आप्पा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमचं गाव निपाणी आणि संकेश्वरच्या मधे, हमरस्त्यापासून आत. बाबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. हंगामात आठवड्यातून एकदा यायचे आणि आले की झोपायचे. घर चालायचं ते आप्पांच्या तोंडानं. सोप्यात खाटेवर बसून ते सगळं ठरवायचे, कुणाला माहेरी धाडायचं, कुठली म्हैस कुठं बांधायची, आमटीत मीठ कमी पडलं ते कुणामुळं. स्वयंपाकघरात आई आणि काकू. काकू म्हणजे आप्पांची बायको, तिला मूलबाळ नव्हतं, आणि दुधाचं भांडं कायम तिच्या ताब्यात असायचं. पहाटे जातं, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग पाट्यावर लसूण-मिरची रगडल्याचा खरखर आवाज. भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा ही आमची रोजची न्याहारी. खर्ड्यात लसूण किती पडला यावर आप्पांचा दिवस कसा जाणार ते ठरायचं.

गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला शेजारच्या गावाला चालत जावं लागायचं. मी चौथी झाले तेव्हा मास्तर स्वतः घरी आले. मी दाराआड उभी होते. मास्तर म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पाठवा पुढं." आप्पा म्हणाले, "हुशार हाय म्हणूनच घरात ठेवतोय मास्तर. थोरलीचं बाळंतपण येणार. तिच्या आईच्या हाताखाली कोण?" थोरली म्हणजे माझी आक्का. तिचं लग्न होऊन तेव्हा महिना झाला होता. बाळंतपणाचा अजून पत्ता नव्हता. मास्तर चहा पिऊन गेले. मला त्यांचाही राग येतो. इतक्या लांब आले होते तर अजून एकदा तरी विचारायचं.

दिवाळीनंतर मात्र आक्काला दिवस गेलेले कळून चार-पाच महिने झाले होते, आणि आईनं मला लसणाचे गड्डे दिले. "शिमग्याच्या सुमाराला आक्का मोकळी हुईल," ती म्हणाली, "बाळंतिणीला ताजा लसूण लागतोय. न्हाणीच्या मागं वाफा कर." न्हाणीतलं पाणी जिथं परड्यात उतरायचं तिथं मी माती मोकळी केली, चुलीची राख आणि कुजलेलं शेण मिसळलं. गड्डा फोडून मोठ्या मोठ्या पाकळ्या निवडल्या, बारक्या आईला परत दिल्या. टोक वर करून एकेक पाकळी बोटाच्या पेराएवढी खोल खोचली, चार बोटांच्या अंतरावर. कोंबड्या उकरतील म्हणून भोवतीनं बाभळीच्या फांद्या रोवल्या. आठव्या दिवशी हिरवी टोकं वर आली आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी पळत घरात गेले आणि कुणाला काही न सांगता परत आले. सांगण्यासारखं कुणी नव्हतं. काकू एकदा परड्यात येऊन म्हणाली, "लसूण हाय गं त्यो, लेकरू न्हाय. किती वेळ बगत बसतीस?" पण मी बसायचे. सोप्यातून आप्पांचा आवाज तिथं पोचायचा नाही, म्हणूनही बसायचे.

त्याच परड्यात आमची मांजर रंगी व्याली. तिच्या अंगावर काळा, पिवळा, पांढरा असे तीन रंग होते. पहिले आठ दिवस तिनं पिल्लं तोंडात धरून इकडून तिकडं फिरवली, गोठ्यात, भुसकटात, शेजारच्यांच्या माळ्यावर. शेवटी माझ्या वाफ्याजवळ कोंबड्यांचं एक मोडकं डालगं पडलं होतं, त्यात ती येऊन राहिली. तीन पिल्लं होती. एक पिवळा बोका, त्याचं नाव मी पिवळ्या ठेवलं. एक आईसारखी तीन रंगांची, ती ठिपकी. तिसरी राखाडी, मुठीत मावेल एवढी, सगळ्यात मागं राहणारी, ती चिंगी. रंगी दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. मी हात घातला तर नुसती बघायची आणि डोळे मिटायची.

त्या पंधरा-वीस दिवसांइतकी मी पुढं कधी हसले नाही, लग्नातही नाही. डोळे उघडल्यावर ती डालग्यातून बाहेर पडायला लागली. पाय एकीकडं, पोट एकीकडं. पिवळ्या लसणाच्या पातीवर चाल करून जायचा, पात वाकून परत उभी राहायची आणि त्याच्या नाकावर बसायची, की तो मागच्या दोन्ही पायांवर पडायचा. ठिपकी पातीचा वास घेऊन शिंकायची, आणि शिंकेनंच दचकून पळायची. चिंगीला वाफ्याची कड चढता यायची नाही, ती खाली बसून ओरडायची, मग मी तिला उचलून वर ठेवायचे. मी त्यांच्याशी बोलायचे. चौथीच्या पुस्तकातले धडे मला पाठ होते, ते म्हणून दाखवायचे, मास्तरांसारखे प्रश्न विचारायचे आणि पिवळ्याला उत्तर आलं नाही म्हणून कोपऱ्यात उभा करायचे. माझा आवाज मोठा असतो कसा, हे मला तिथं कळलं. एकदा मागून आई म्हणाली, "सुमे, ही तूच बोलालीस व्हय?" आणि मी एकदम गप्प झाले.

आक्का मोकळी झाली ती भर दुपारी. मुलगा झाला. आप्पांनी गावात पेढे वाटले, जसा काही त्यांनाच झाला होता. आतल्या अंधाऱ्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, तीत ओव्याची आणि लसणाच्या सालीची धुरी. आईनं माझ्या वाफ्यातला लसूण काढायला घेतला. गड्डे एवढे भरले होते की पांढऱ्या सालीला तडे गेले होते. तुपात तळलेल्या लसणाच्या पाकळ्या, लसणाची चटणी, लसूण घातलेली शेपूची भाजी, आक्का सकाळ-संध्याकाळ लसूणच खात होती. तिसऱ्या दिवशी तिला दूध उतरलं, इतकं की बाळ पिऊन उरायला लागलं. आई मला म्हणाली, "तुझ्या लसणानं उतरलं बग दूध. लसणाएवढी ताकद कशात न्हाय." आईनं मला कधी शाबासकी दिली असेल तर ती ही. मी ती मनात धरून ठेवली, वेडीसारखी.

चौथ्या दिवशी सोप्यात बोलणं झालं. पाचवीच्या पूजेला आक्काची सासू येणार होती. तिला मांजर चालत नाही, आणि बाळाच्या खोलीशी मांजर फिरलेलं आपल्यालाही बरं नाही, असं काकूनं काढलं. आप्पांनी मला हाक मारली. "सुमे, जरा हिकडं ये बाळ." बाळ म्हणून त्यांनी मला त्याआधी कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

"रंगी तुझ्याच हाताला लागती न्हवं? बोलव तिला. निपाणीला तंबाखूच्या वखारीत सोडतो. उंदरं लई हाईत तितं. राणीवाणी राहील."

"आणि पिल्लं?" मी विचारलं. एवढं बोलायला मला केवढा धीर करावा लागला ते मलाच माहीत.

"पिल्लं बी तिच्यासंगं. लेकरांस्नी आईपासनं कोण तोडंल गं?"

मी परड्यात गेले आणि रंगीला हाक मारली. ती आली. माझ्या हाताला अंग घासलं. मी तिला उचलून पोत्यात घातलं, मी माझ्या हातानं घातलं. आप्पांनी पोत्याचं तोंड बांधलं आणि सायकलच्या मागं लावलं. "पिल्लं घ्या की," मी म्हटलं. "पुढच्या खेपंला. एका पोत्यात चेंगरतील," असं म्हणून ते गेलेसुद्धा. दुपारी परत आले. मी पाट्यावर मसाला वाटत होते आणि भिंतीपलीकडं ते काकूला सांगत होते ते मला सगळं ऐकू आलं. "वखारीला कोण जातंय एवढ्या लांब. पुलापलीकडं सोडली."

"आणि पिल्लं वं?"

"जातील दोन दिसांत आपसूक. त्यांस्नी हात लावून कोण पाप घील?"

"व्हय बाई, मांजराची हत्या लई वाईट. सात जन्म फिटत न्हाय."

"हत्या कुटं केली? म्या हात तरी लावला का?"

हा त्यांचा हिशेब होता. हातानं मारलं तर पाप, आईला पोत्यात घालून नदीपलीकडं सोडलं आणि लेकरं उपाशी मेली तर देवाची करणी. आमच्याकडं मांजर मारत नाहीत, अजूनही नाहीत. सोडून येतात. बाजारच्या गावाला सोडतात, देवळामागं सोडतात, घाटात सोडतात, आणि घरी येऊन हातपाय धुतात. मी हे एवढ्या वेळा बघितलं आहे की कुणी म्हणालं, आम्ही मांजराला हात लावत नाही, तर मला त्याच्या हाताकडंच बघावंसं वाटतं.

पिल्लं रात्रंदिवस ओरडत होती. मी आईकडं दूध मागितलं. आई काकूच्या भांड्याकडं बघून म्हणाली, "गप बस. पाचवी हुऊ दे." मी कापडाची वात पाण्यात बुडवून तिघांच्या तोंडात धरली, दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, आत पाचवीच्या पूजेची तयारी चालली असताना, चिंगी गेली. तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. मी तिला वाफ्याच्या टोकाला पुरलं आणि हात धुऊन पूजेचं ताट पुसायला घेतलं.

संध्याकाळी आक्कानं मला जवळ बोलावलं. तिचं उरलेलं दूध वाटीत काढावं लागायचं, आणि ते मी नेऊन कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायचे, कारण ते कुठंही टाकलं आणि मुंग्यांनी खाल्लं तर आईचं दूध आटतं असं म्हणतात. आक्का हळूच म्हणाली, "पिल्लं वरडालीत न्हवं? हे न्हे. पाज त्यांस्नी."

"तुझं आटलं तर?"

"आटू दे. किती ऐकू त्यांचं वरडणं? माझ्या पोराला जवळ घेतलं की त्यांचाच आवाज येतोय."

आक्का तेव्हा सतराची होती. त्या घरात तेवढी एकच शहाणी होती, आणि तिला बाजेवरून उठायची परवानगी नव्हती.

मी वात दुधात बुडवून पाजलं. पिवळ्या आणि ठिपकी चोखायला लागली. दुसऱ्या दिवशी ती चालायला लागली. मला वाटलं, वाचली. आणि मग मी विचार केला, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःच्या डोक्यानं विचार केला. आक्काच्या अंगात ताकद कशानं आली? लसणानं. दूध कशानं आलं? लसणानं, माझ्या लसणानं. मग या दोघांना नुसतं दूध कशाला? मी दोन पाकळ्या सोलल्या, दगडावर बारीक वाटल्या आणि वाटीतल्या दुधात कालवल्या. पिल्लांनी तोंड फिरवलं. आई आक्काला काढा पाजताना मान धरायची, तशी मी त्यांची मान धरली आणि पाजलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. फार काळजीनं. एकही वेळ चुकवली नाही.

चौथ्या दिवशी पिवळ्या उठेना. त्याच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. तो मुतला ते तांबडं होतं, काताच्या पाण्यासारखं. ठिपकी नुसती धापा टाकत होती. मला वाटलं, अशक्तपणा वाढलाय.

मी लसूण वाढवला.

पिवळ्या बारशाच्या आदल्या दिवशी गेला, ठिपकी बारशाच्या सकाळी. लसूण काढून मोकळ्या झालेल्या मातीत मी त्यांना चिंगीशेजारी ठेवलं. मग मला नवं परकर-पोलकं नेसवलं आणि हातात घुगऱ्यांचं ताट दिलं.

सोप्यात माणसं भरली होती. पाळणा बांधला होता. एका बाजूला बायका, एका बाजूला आप्पा आणि आक्काचे सासरे. आक्काच्या सासूनं विचारलं, "तुमच्यात मांजर हुतं म्हणं?" आप्पा मांडी बदलून म्हणाले, "हुतं. गेलं बगा आपल्याआपण, पिल्लं तोंडात धरून. जनावराला बी कळतंय, घरात बाळराजा आलाय, आता आपला मुक्काम संपला म्हणून." बायका कौतुकानं हसल्या. कुणीतरी म्हणालं, "मुकं जनावर, पर अक्कल किती."

मी ताट घेऊन मधोमध उभी होते. "तुमी मारलासा त्यांस्नी," मी म्हणाले.

कुणाला कळलंच नाही कोण बोललं. म्हणून मी परत बोलले, वाफ्यावर धडे म्हणायचे त्या आवाजात. "रंगीला तुमी पुलापलीकडं सोडलासा. पिल्लं उपाशी मेली. तिन्ही मेली. मीच पुरली. बगायची असली तर उकरून दावते."

आक्काच्या सासूनं दोन्ही गालांत मारून घेतलं. एक म्हातारी देवाचं नाव घ्यायला लागली. आप्पांचं तोंड मी कधी तसं बघितलं नव्हतं, कणीक भिजवावी तसं ते सैल झालं. "म्या हात तरी..." एवढंच ते म्हणाले. आईनं माझा दंड धरून मला आत ओढलं आणि दोन थोबाडीत दिल्या. मला लागलं नाही. खरंच सांगते, त्या दिवशी मला कुणीही काहीही केलं असतं तरी लागलं नसतं.

चार दिवसांनी रंगी आली. नदी कशी ओलांडली, पुलावरून आली की कशी, माहीत नाही. हाडं दिसत होती, एका पायाची नखं मोडली होती. ती सरळ डालग्याकडं गेली. मग वाफा हुंगला, भुसकट हुंगलं, गोठा हुंगला आणि ओरडायला लागली. मांजर पिल्लांना बोलावतं तो आवाज वेगळा असतो, घशातला. भर दुपारी ती सोप्यात जाऊन आप्पांच्या खाटेखाली ओरडायची, कारण पिल्लं लहान असताना एकदा तिनं तिथं ठेवली होती. आप्पा पाय वर घेऊन बसायचे. तिला हाकलायचा त्यांना धीर झाला नाही. तीन दिवस तिनं घर ऐकवलं आणि चौथ्या दिवशी निघून गेली. माझ्याजवळ ती आली नाही. मी हाक मारली तेव्हा तिनं बघितलं, आणि लांबूनच गेली.

आप्पांनी संकेश्वरला जाऊन कुणाला तरी विचारलं, चांदीचं मांजर करून दान दिलं. पण त्यानंतर त्यांनी माझ्या हातचं कधी खाल्लं नाही. मी वाढायला गेले की ताटावर हात धरायचे, "तुझ्या आईला वाढू दे." लोकांना माझी कीव यायची. मला नाही आली. मला बरं वाटायचं. लग्न होऊन मी इकडं बेळगावाकडं आले, मुलं झाली, आणि कितीतरी वर्षांनी आप्पांचं अर्धं अंग गेलं म्हणून बघायला गेले. खोलीत आम्ही दोघंच होतो. तोंड वाकडं झालं होतं, तरी नीट कळलं. "सुमे, ती मांजरं अजून मनात हाईत व्हय गं?"

"हाईत," मी म्हणाले.

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूच्या हातची भाकरी आणि खर्डा पोटभर खाल्ला. पंधरवड्यानं ते गेले. त्या एका शब्दाचा मला इतकी वर्षं अभिमान होता. आयुष्यात मी दोनदा बोलले, दोन्ही वेळा आप्पांना, आणि दोन्ही वेळा बरोबर बोलले, असं मी त्या फाडलेल्या पानांत लिहिलं होतं.

आता गेल्या आठवड्यातलं. आमचं घर हिंडलग्यात, वर स्लॅब. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मी लसूण लावते, हाताला राहवत नाही म्हणून. यंदा एक मांजर त्या बादल्यांमागं व्याली, आणि नात अनू शाळेतून आली की दप्तर टाकून वर पळते. चार पिल्लं आहेत. मी त्यांच्यासाठी भात कालवला, वर आमटी घातली. अनूनं वाटी माझ्या हातातून हिसकावलीच.

"आज्जी, लसणाची फोडणी हाय त्यात. मांजराला लसूण म्हणजे विष."

"काहीतरीच. लसणानं ताकद येते."

"माणसाला. थांब, वाचून दाखवते." तिनं मोबाईलवर बोट फिरवलं आणि वाचलं. थोडासा लसूणसुद्धा. लहान पिल्लांना जास्त. रक्त नासतं. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबडी होते, धाप लागते.

"किती दिवसांत?" मी विचारलं.

"तीन-चार. का गं?"

"असंच."

दोन पाकळ्या सोलायलाही जास्त वेळ लागतो. त्याहून कमी वेळात एका बारा वर्षांच्या पोरीनं मला सांगितलं की मी काय केलं होतं. त्या दिवसापासून मी जळते आहे. आईवर, लसणाएवढी ताकद कशात नाही म्हणाली म्हणून. आमच्या सगळ्या त्या घरावर, जिथं मला दूध मागायची सोय नव्हती, कुणाला विचारायची सोय नव्हती, जिथं मी बोलत नाही हे सगळ्यांना इतकं सोयीचं होतं, की मी परड्यात काय वाटते आणि कुणाला पाजते हे बघायला कुणी आलं नाही. आणि माझ्यावर. पिल्लांनी तोंड फिरवलं होतं. त्यांना कळत होतं. मी मान धरली.

आक्काला फोन केला. ती आता निपाणीला लेकाकडं असते, कमी ऐकू येतं, त्यामुळं हे सगळं मला ओरडून सांगावं लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, दूध तर माझं हुतं."

"लसूण माझा हुता."

"ल्हान हुतो गं दोघी. सोड आता. आप्पांस्नी बी सोड. बिचाऱ्यानं फुकट तिघांचं पाप डोक्यावर घेतलं, मरस्तवर."

मी फोन ठेवून दिला. बिचारा हा शब्द मला सहन झाला नाही. रात्री जेवले नाही, सून विचारत राहिली, काय हुतंय आत्ती, काय हुतंय. काही नाही म्हटलं. दोन दिवस मी तो एकेक दिवस आठवत बसले, कुठल्या दिवशी काय पाजलं, कितव्या वेळेला. आप्पांना मी तिघांचं म्हणून सुनावलं होतं. ते खोटं होतं, हे मला लिहायलाच हवं, म्हणून जुनी पानं फाडली. भरल्या घरात मी जे बोलले त्यातले दोन हिस्से खोटे होते. पिवळ्या आणि ठिपकी माझ्या हातानं गेली. रंगी असती तर गेली नसती, हे खरं आहे, पण हात माझा होता, आणि हात लावला नाही म्हणून सुटणारी माणसं मी बघितली आहेत, मला त्यांच्यात बसायचं नाही.

पण चिंगी गेली तेव्हा मी लसूण वाटलाही नव्हता. ती एका दिवसात गेली, आईसाठी ओरडत, पोटात नुसतं पाणी. ती आप्पांची आहे. एकट्या आप्पांची. आक्कानं काही म्हणू दे, चिंगीच्या मरणात मी त्यांची वाटेकरीण व्हायची नाही.